तंबू निवडावा आडवं होऊन

तंबू विकत घ्यायचा असेल तर आधी जमिनीवर आडवं व्हावं, असं मास्टरचं म्हणणं होतं. उभ्याने तंबू बघणारा माणूस त्यांच्या लेखी गिऱ्हाईकच नव्हे. "तंबूत माणूस उभा किती वेळ ऱ्हातो? पाच मिनिटं. बाकीच्या टायमाला काय करतो? लोळतो. मग लोळून बघ ना रे बाबा!" असं म्हणून ते समोरच्याला खरोखर लोळायला लावत. समोर टाय लावलेला हॉटेलचा मॅनेजर असो की पांढऱ्याशुभ्र पायघोळ कंदुऱ्यातला अरबी शेठ. आमच्या कंपनीच्या मालकांना फॅक्टरीच्या फरशीवर उताणं पडून, छताकडे बघत, "येस मास्टर, येस, आय सी," म्हणताना मी स्वतः पाहिलंय. त्या दिवशी पगारवाढ मागायला गेलो होतो. दारातूनच परत फिरलो. आडव्या मालकाकडे पगारवाढ मागायची कशी, हे मला अजून सुचलेलं नाही.

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात आमची तंबू आणि शेडची फॅक्टरी. पार्किंगवरच्या सावल्या, शाळेच्या मैदानावरची छपरं, अरबांच्या मजलिसचे, म्हणजे बैठकीचे, मोठे तंबू, असलं काम. मी वरच्या ऑफिसात एस्टिमेटर, म्हणजे न पाहिलेल्या वस्तूची किंमत छातीठोकपणे सांगणारा माणूस. मास्टर खाली कटिंगला. मूळचे रत्नागिरीच्या खाडीकाठचे, गल्फमध्ये तिसाहून जास्त वर्षं काढलेले. पगारपत्रकावर त्यांचं चांगलं तीन शब्दांचं नाव होतं, पण ते फक्त पगाराच्या दिवशी वापरलं जाई. एरवी केरळी सुपरवायझरपासून पाकिस्तानी ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांचे ते मास्टर. आता ते कायमचे गावी गेले. पण कुठे कापडाचं छप्पर दिसलं की माझी मान आपोआप वर जाते, ही त्यांची देणगी.

कारण मास्टर शहरात फिरायचेच मुळी मान वर करून. सुपरमार्केटला गेले की आत शिरायच्या आधी बाहेरच्या पार्किंगची शेड तपासणार. खांबावर बोटाने टकटक करणार, शिवणीखाली उभे राहून डोळे बारीक करणार. एकदा अशाच एका पार्किंगमध्ये त्यांना एक टाका सुटलेला दिसला. मास्टर तडक आत कस्टमर सर्व्हिसला. काउंटरवरच्या फिलिपिनो मुलीला वाटलं, गाडीला ओरखडा आला म्हणून तक्रार करताहेत. तिने फॉर्म दिला. मास्टरनी 'नुकसानीचं स्वरूप' या रकान्यात शिवणीचं चित्र काढून दिलं आणि वर म्हणाले, "अभी नहीं, हवा आएगी तब होगा." मी शेजारी उभा राहून शॅम्पूच्या बाटल्या वाचत होतो. आम्ही एकत्र आलोय हे कुणाला कळू नये, एवढीच माझी इच्छा.

चष्म्याची एक काडी तुटलेली. तिच्या जागी ताडपत्री शिवायचा जाड दोरा कानामागे बांधलेला. दुसऱ्या कानावर खडू. कात्री लावण्याआधी बिस्मिल्ला म्हणणारच. कापड असू दे, कागद असू दे, नाहीतर कँटीनमधलं केचपचं पाकीट. "कापलेलं परत जुळत नाय," म्हणायचे. "म्हणून आधी मालकाचं नाव घ्यायचं." हा मालक म्हणजे आमचे आडवे झालेले मालक नव्हेत.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो.

मी तंबूच्या फॅक्टरीत नोकरीला असून तंबू घेतला ऑनलाइन. स्वस्त पडला म्हणून. पाकिटावर 'आठ माणसांसाठी' असं लिहिलं होतं आणि आठ गोरी माणसं त्यात हसत बसलेली होती. सई, म्हणजे माझी मुलगी, तेव्हा अकरा वर्षांची. वर्गातल्या सगळ्यांनी कॅम्पिंग केलंय, आपण कधी जाणार, असं तिने दोन वर्षं लावून धरलं होतं. आदले पंधरा दिवस तिची बॅग भरलेली. जानेवारीत आम्ही तिघं रास अल खैमाच्या डोंगरात गेलो. दुबईत राहून थंडी म्हणजे एसीचं बटण, एवढीच माझी कल्पना. वर डोंगरावर जे वारं सुटलं त्याने त्या तंबूची अवस्था फुटलेल्या पापडासारखी केली. तासाभरात बायको आणि सई गाडीत. मी उरलेला तंबू हातात धरून उभा. शेवटी गाडीचा हीटर लावून आम्ही तसेच इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या फ्लॅटवर परत आलो.

सई रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. बॅग कपाटात ठेवत ती शांतपणे म्हणाली, "इट्स ओके, बाबा. वी कॅन जस्ट गो टु द मॉल."

त्यानंतर तिने कॅम्पिंगचं नाव काढलं नाही. त्याआधी सायकल शिकवायची राहिली होती, आणि स्विमिंग पूलही 'पुढच्या महिन्यात' म्हणत राहिला होता. मुलं भांडतात तोवर आपल्यावर त्यांचा भरवसा असतो. इट्स ओके म्हणायला लागली की समजावं, आपलं खातं बंद होत आलंय. पुढच्या थंडीत तिला परत न्यायचं, उबेत झोपवायचं, आणि तिच्या तोंडून एकदा तरी 'परत जाऊ' ऐकायचं, असं मी ठरवून टाकलं.

एस्टिमेटर असल्यामुळे मी अभ्यास केला. टिपी नावाचा एक प्रकार सापडला. मधोमध एकच खांब, खाली गोल, वर निमुळता, शंकूसारखा तंबू. आत लाकडावर चालणारी छोटी पत्र्याची चूल पेटवायची, तिचं धुराडं तंबूच्या छतातून बाहेर काढायचं. फोटोत बाहेर बर्फ, आत लालसर उजेड, चुलीवर किटली, आणि एक कुत्रा. मला कुत्र्याचा चेहरा फार आवडला. इतकं समाधान आमच्या घरात कुणाच्याच चेहऱ्यावर नव्हतं. मी तीन टिपी निवडल्या, एक्सेलमध्ये तक्ता केला. वजन, किंमत, उंची, जलरोधकता, प्रत्येकाला गुण. तीन किलोचा नायलॉनचा तंबू घसघशीत मार्कांनी पहिला आला. प्रिंट काढून मी मास्टरकडे गेलो, शाबासकी घ्यायला.

मास्टरनी कागद नाकाला लावला. वास घ्यायची त्यांची सवयच होती. "काय हाय हे?"

"तंबू निवडलाय, मास्टर. चुलीसाठी."

"पयला नंबर याला का दिलास?"

"वजन बघा ना. फक्त तीन किलो."

"वजन कुणाला? डोंगर तू चढणार की गाडी चढणार?"

मी म्हटलं, गाडी.

"मग गाडीने तुला काय सांगितलंय, की माझं कंबरडं दुखतंय?" त्यांनी कागद उलटा केला. "आणि नायलॉनच्या पोटात आग घालतोस? एक ठिणगी उडाली की भोक. रातभर दहिवर आतून ठिबकणार ते वेगळं. किती माणसांचा?"

"आठ."

"आठ काय, मासळी हाय? एकावर एक रचायची?" ते हसले नाहीत. "शुक्रवारी घरी येतो. मुलीला आणि तिच्या आईला घरी ठेव."

मला वाटलं जेवायला येताहेत. बायकोने कोलंबीचं कालवण केलं. मास्टर आले ते हातात खडू, सुतळीचं बंडल आणि एक झाडूचा दांडा घेऊन, आणि वर यायचं सोडून आम्हालाच खाली बोलावलं. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये त्यांनी एक गाडीची जागा अधिक शेजारची अर्धी, एवढ्यात खडूने मोठं वर्तुळ काढलं. बरोब्बर माझ्या पहिल्या नंबराच्या तंबूएवढं. मधोमध सिमेंटच्या कुंडीत दांडा रोवला, त्याला आणखी एक दांडा जोडला, आणि त्याच्या टोकापासून वर्तुळाच्या कडेपर्यंत चहूबाजूंनी सुतळ्या ताणल्या. हा झाला तंबूचा उतार. मग आमचीच बादली आणवून ती पालथी ठेवली.

"ही चूल," म्हणाले, आणि बादलीभोवती दुसरं लहान वर्तुळ काढलं. "ह्याच्या आत ज्याचा पाय जाईल तो भाजला. सुतळीला ज्याचं डोकं लागेल तो भिजला. चला, आता एक तास ऱ्हावा संसार करून."

"इथे?" बायको म्हणाली. "सगळ्यांसमोर?"

"भाभी, डोंगरात पण सगळे असतात. यल्ला, चला."

सतरंज्या अंथरल्या. उशा आणल्या. कोलंबीचं कालवण खाली आलं. मास्टर वर्तुळाबाहेर प्लास्टिकच्या स्टुलावर बसले, क्रिकेटच्या अंपायरसारखे. मी ताट घ्यायला वाकलो, "भिजला!" पाणी घ्यायला उठलो, "भाजला!" पाय पसरले, "भाजला!" वरच्या गॅलऱ्यांमधून लोक बघायला लागले. तिसऱ्या मजल्यावरचा पेशावरचा माणूस माझे 'भाजला' बोटांवर मोजत होता. वॉचमन धावत आला.

"चाचा, ये क्या चल रहा है?"

"फॅमिली तंबू में है," मास्टर म्हणाले. "आवाज मत करो."

तासाभरात मी अकरा वेळा भाजलो आणि चौदा वेळा भिजलो. बायको दोनदा भाजली, त्यातही एकदा माझ्या धक्क्याने. सई शून्य. ती आपली उशी घेऊन चुलीच्या पलीकडे, दाराच्या बाजूला, गुडघे जवळ घेऊन बसली होती. सुरुवातीला ती आलीच मुळी हातात फोन घेऊन, 'हे कधी संपणार' असा चेहरा करून. पण अर्ध्या तासाने तिने फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून ओरडली, "भाजला!" मास्टरच्या आधी.

मास्टरनी वळून तिच्याकडे जरा बारकाईने पाहिलं.

मग निकाल लागला. आठ माणसांचा तंबू चुलीसकट तीन माणसांनाही पुरत नाही, त्यातलं एक माणूस माझ्यासारखं असेल तर अजिबातच नाही. दहा माणसांचा घ्यायचा, पाच मीटरचा. नायलॉन नव्हे, जाड सुती कॅनव्हास. सुती कापड ठिणगीने झटकन वितळत नाही आणि श्वास घेतं. तळ शिवलेला नको, चुलीखाली उघडी जमीन पाहिजे. टोकाला झरोके, खाली हवा यायला फट. "तंबू म्हणजे कोट नव्हे," मास्टर म्हणाले. "कोटाला बटणं लावायची. तंबूला नाक ठेवायचं."

तसा तंबू मागवला. "अठराशे दिरहम, म्हणजे जवळपास त्रेचाळीस हजार," बायको मोठ्याने म्हणाली आणि पुढे काहीच बोलली नाही. ते जास्त लागलं. या तंबूला चुलीच्या धुराड्यासाठी भोक नव्हतं. ते मास्टर शिवणार होते.

ते भोक करायला मास्टरनी दोन आठवडे घेतले. रोज जेवणाच्या सुट्टीत. अख्खा तंबू क्रेनच्या हुकाला टांगला, खाली चूल ठेवली, वरून ओळंबा सोडला. धुराडं नेमकं कुठे टेकेल तिथे खडूची खूण केली. मग ती खूण तीन दिवस नुसती बघितली. मी रोज विचारायचो, "आज कापणार?" ते म्हणायचे, "आज मन नाय झालं." चौथ्या दिवशी बिस्मिल्ला म्हणून एकदाच कात्री फिरवली. भोकाला काचेच्या धाग्यांच्या, न जळणाऱ्या कापडाची दुहेरी कड लावली. वरून पावसाची झाप. टाके हाताने. लाखो मीटर कापड मशीनवर शिवलेल्या माणसाने माझ्या पोरीच्या तंबूचा हातभर घेर सुई-दोऱ्याने शिवला. मी म्हटलं, मशीनवर पाच मिनिटांचं काम. त्यांनी सुई थांबवली, चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा शिवायला लागले. मला उत्तर द्यायला त्यांनी एकही टाका वाया घालवला नाही.

आणि मग म्हणाले, "आता पेटवून बघायचा. शनिवारी दुपारी."

"दुपारी? मास्टर, नोव्हेंबर लागलाय नुसता. चौतीस डिग्री आहे बाहेर!"

"म्हणून तर. थंडीत चूक कळत नाय, उबेत बरं वाटतं. उन्हात लगेच कळते."

तर त्या शनिवारी फॅक्टरीच्या अंगणात भर उन्हात तंबू उभा राहिला, आत चूल पेटली, आणि मी एक तास आत बसायचं ठरलं. ऑफिसला सुट्टी होती म्हणून सईला घेऊन आलो होतो. तीही हौसेने दाराशी बसली. फॅक्टरी चालू होती. फोर्कलिफ्टवाले थांबून फोटो काढत होते. एक बंगाली कारागीर दुसऱ्याला सांगत होता की साहेबांना डॉक्टरने घाम काढायला सांगितलंय.

मास्टरनी खांबाला एक छोटा अलार्म टांगला होता. चुलीला हवा कमी पडली की जो विषारी वायू तयार होतो, ज्याला ना रंग ना वास, तो पकडणारा. तीन वाजून गेल्यावर ते अस्रच्या नमाजाला गेले. जाताना म्हणाले, "काय पण बंद करू नको."

आता मी काय केलं ते सांगतो. स्वतःच्या अकलेचं इतकं स्वच्छ प्रदर्शन मी पुन्हा केलेलं नाही.

फोर्कलिफ्टची धूळ आत यायला लागली म्हणून मी खालची फट बंद केली. मग मनात आलं, हा तंबू जास्तीत जास्त किती गरम होतो याचा आकडा मिळाला तर तक्ता पूर्ण होईल. म्हणून दोरी ओढून वरचे झरोकेही बंद केले आणि दाराची चेन अर्ध्यावर आणली. हातात थर्मामीटर घेऊन बसलो. थोड्या वेळाने अलार्म वाजायला लागला.

"बाबा, इट्स बीपिंग."

आता इथे राहणाऱ्या माणसाला विचारा. आमच्या फ्लॅटच्या छताला असलाच एक डबा आहे, तो बॅटरी संपली की पीप पीप करतो. शेजारच्या फ्लॅटमधला तर आम्ही राहायला आल्यापासून पीप करतोय. आमचे कान त्याला इतके सरावलेत की तो थांबला तरच आम्ही दचकू. मी मुकाट उठलो, अलार्मची बॅटरी काढली आणि खिशात टाकली.

"बॅटरी गेली असेल गं."

"बाबा, इट्स अ न्यू बॅटरी. मास्टर पुट इट टुडे. आय सॉ."

"हो हो," मी म्हटलं. थर्मामीटर एकावन्नवर आला होता आणि मला बावन्न हवे होते. डोकं जरा जड झालं होतं, ते मी उन्हावर लोटलं.

सई उठून बाहेर गेली. मला वाटलं, कंटाळली. आणि एकदम उजेड झाला. तिने बाहेरून चार मेखा उपटल्या होत्या आणि तंबूची एक अख्खी बाजू दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरली होती. तेवढं जड कॅनव्हास. तोंड लालबुंद. "बाहेर ये!" ती ओरडली. मराठीत. "बाहेर ये आधी!"

मी बाहेर आलो आणि तिथेच खाली बसलो.

तिची ओरड ऐकून मास्टर तसेच अनवाणी धावत आले होते. त्यांनी सईच्या हातातली कड घेतली, तिला सावलीत बसवलं, मला पाणी पाजलं. माझ्या खिशातून बॅटरी काढून तळहातावर ठेवून पाहिली. चूल निवल्यावर त्यांनी धुराडं काढलं, तंबू उतरवला, भोकाचा भाग मांडीवर घेतला, आणि शिवण उसवायची बारकी सुरी काढून एकेक टाका उसवायला सुरुवात केली.

"मास्टर! अहो, दोन आठवड्यांचं काम आहे!"

"माझं होतं ना? मग मी उसवतो."

"पुढच्या महिन्यात जायचंय. सईला सांगून ठेवलंय मी."

"जा की. बिनचुलीचं जा."

"चूक झाली. एकदाच झाली ना?"

सुरी थांबली. "मी आलो त्या साली," ते सुरीशीच बोलल्यासारखे म्हणाले, "साइटवर वॉचमनच्या केबिनीत झोपायचो. मी आणि एक महाडचा. थंडी होती म्हणून पाटीत कोळसा पेटवून घेतला, दार लावलं. तो म्हणाला, लाव, वारं येतंय. सकाळी मी रांगत बाहेर आलो. त्याला ओढून काढला. वाचला तो. पण त्यानंतर घरी फोन केला की पोरांची नावं उलटीपालटी घ्यायचा. मोठ्याला धाकट्याचं, धाकट्याला भावाचं. शेवटी त्याची बायको म्हणाली, नुसतं 'बाळा' म्हणा. त्याने पण एकदाच दार लावलेलं."

सईला यातलं किती समजलं कोण जाणे, पण ती उठून मास्टरच्या समोर येऊन बसली.

"इट्स ओके, बाबा," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "वी डोंट हॅव टु गो." ज्या वाक्यासाठी मी हा सगळा खटाटोप केला होता, तेच माझ्या हाताने परत आणलं होतं.

मास्टरनी तिला विचारलं, "तू सांग. चुकलं काय काय?"

तिने बोटं मोजली. "नो एअर. अलार्म ऑफ." जरा थांबली. "अँड बाबा वॉज इनसाइड."

मास्टर एवढे हसले की चष्म्याचा दोरा सुटला. "बराबर! तिसरी चूक सगळ्यात मोठी." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तंबू तुला नाय देत. खलास. हिला देतो. भोक परत शिवेन, पण हिच्यासाठी. चुलीची मालकीण ही. ही बोलेल तेव्हा पेटेल, ही बोलेल तेव्हा विझेल. तू मध्ये हात घालणार नायस. कबूल?"

मी कबूल म्हटलं. त्यांनी सईलाही विचारलं, "तुला कबूल? नसेल तर नाय शिवत. जबरदस्ती नाय."

ती उसवलेल्या दोऱ्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कॅन आय डू सम ऑफ द स्टिचेस?"

पुढचे तीन शनिवार मी फॅक्टरीच्या बाहेर गाडीत बसून काढले, कारण आत मला मज्जाव होता. ते तिला मराठी-हिंदीतून सांगायचे, ती इंग्रजीतून उत्तर द्यायची, आणि दोघांचं एकदाही अडलं नाही. बारीक लाकडं आधी, जाड मागून. धुराड्याला जाळी. राख बाहेर नेऊन पाण्यात. ओले मोजे चुलीवर नाहीत. आणि सगळ्यात मोठा नियम: झोपताना आग नाही. झोपायच्या अर्धा तास आधी चूल विझवायची, मग रजया. ऊब ही झोप येईपर्यंतची चीज, झोपेतली नव्हे. मी इतका अभ्यास केला होता, पण हे माझ्या एकाही रकान्यात नव्हतं.

डिसेंबरच्या मध्याला आम्ही परत त्याच डोंगरात गेलो. तंबू उभा करताना मला दोन कामं मिळाली: मेखा ठोकणं आणि लाकडं वाहणं. सईने आधी खडूने जमिनीवर चुलीची हद्द आखली. मग अलार्म टांगला, बटण दाबून वाजवून पाहिला, आणि माझ्याकडे येऊन म्हणाली, "पॉकेट्स." मी दोन्ही खिसे उलटे करून दाखवले.

सूर्य डोंगराआड गेल्यावर चूल पेटली. कॅनव्हास आतून मधासारखं दिसायला लागलं. बायकोने किटली ठेवली. तिचा तो चेहरा पाहिला आणि मला फोटोतला कुत्रा आठवला, हे मी तिला सांगितलं नाही, इतकी अक्कल मला आली होती. वाऱ्याने बाहेर धडका मारल्या, पण तंबू नुसता श्वास घेतल्यासारखा हलायचा. साडेनऊला मालकिणीने चूल विझवायला घेतली.

"एक लाकूड अजून," मी म्हटलं. "छोटंसं."

"नो."

"हे बघ, मी जागा राहतो."

"बाबा. नो."

मी माकडटोपी ओढली, दोन स्वेटरवर तिसरा चढवला आणि गारठत झोपलो. पहाटे जाग आली ती काड्यांच्या तडतडीने. सई टोपी-जॅकेटमध्ये चुलीपाशी उकिडवी बसून फुंकर घालत होती. वर झरोका उघडा, खाली फट उघडी. तिच्या गालाला काजळी लागली होती. मी डोळे मिटून पडून राहिलो. उठलो असतो तर काहीतरी मदत केली असती.

सोमवारी शाळा सुटल्यावर तिला फॅक्टरीत घेऊन गेलो. तंबू तपासायला आणायचा असा मास्टरचा हुकूम होता. त्यांनी तो टेबलावर पसरला, भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला, काजळीचा वास घेतला. सईने घातलेले सात-आठ टाके त्यात सहज ओळखू येत होते, थोडे तिरके. त्यांवर त्यांनी दोनदा अंगठा फिरवला.

"धूर आत आला?"

"वन्स. व्हेन आय ओपन्ड द डोअर टू फास्ट."

"बराबर. सावकाश उघडायचं. आणि काय?"

ती सांगत राहिली. पहाटे लाकूड कसं दमट होतं, वारा कुठून आला, धुराड्याचा वरचा जोड सैल का वाटला. मास्टर मान हलवत ऐकत होते, जसं ते आमच्या मालकांचं कधी ऐकत नसत. मी चार पावलं मागे, हातात रिकामं पोतं घेऊन उभा. शेवटी मास्टरनी तंबूची घडी घातली, दोरी बांधली, ती तिच्या हातात दिली, आणि माझ्याकडे अंगठा केला.

"पुढच्या टायमाला याला न्यायचा काय?"

पुढच्या टायमाला! सईने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. जरा जास्तच वेळ घेतला तिने. तीन शनिवारांत ती त्यांची भाषाही थोडी उचलून आली होती, हे मला तेव्हा कळलं.

"येऊ दे," ती म्हणाली. "पण कशाला पण हात नाय लावायचा."